जळालेल्या निगेटिव्हमधून परतलेला अपू

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपुर संसार’ या अपू नावाच्या मुलाच्या आयुष्यावरील तीन चित्रपटांची क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी कंपनीने २०१५ साली काढलेली ब्लू-रे आवृत्ती मी गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. जुना चित्रपट किती स्वच्छ आणि चकचकीत दिसतो यावरून त्याच्या रिस्टोरेशनची, म्हणजे खराब झालेला चित्रपट दुरुस्त करण्याच्या कामाची, पारख करू नये, हे माझे मत या तीन डिस्कमुळे पक्के झाले. इथे चित्र अनेक जागी एकसारखे नाही. कुठे ते थक्क करणारे रेखीव आहे, कुठे मऊ आहे, तर कुठे कडेला एखादा डाग राहून गेलेला दिसतो. तरीही जुन्या भारतीय चित्रपटांच्या घरी पाहता येणाऱ्या ज्या प्रती माझ्या नजरेखालून गेल्या आहेत, त्यांत मूळ छायालेखनाशी इतकी प्रामाणिक राहिलेली दुसरी प्रत मला आठवत नाही. असे मी का म्हणतो, ते या लेखात जरा सविस्तर मांडायचे आहे.

या प्रतीमागची हकिकत ठाऊक नसेल तर तिच्यातले गुणदोष नीट कळत नाहीत. १९९२ साली राय यांना मानद ऑस्कर द्यायचे ठरले, तेव्हा समारंभात दाखवण्याजोगी त्यांच्या चित्रपटांतली दृश्ये मिळवताना ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या लोकांची दमछाक झाली आणि जगभर फिरणाऱ्या प्रतींची अवस्था किती वाईट आहे हे उघड झाले. त्यातून मूळ निगेटिव्हच्या जतनाचा प्रयत्न सुरू झाला. राय त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले, पण काम थांबले नाही, आणि त्यांच्या अनेक चित्रपटांच्या निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन्स फिल्म लॅबोरेटरीजकडे रवाना झाल्या. जुलै १९९३ मध्ये तिथे चटकन जळणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मने पेट घेतला आणि त्या आगीत या निगेटिव्हही सापडल्या. ज्या जतनासाठी त्या घराबाहेर काढल्या होत्या, त्याच वाटेवर त्या जळाल्या, याचे दुःख मला आजही वाटते. जे डबे आणि जे तुकडे राय यांच्या चित्रपटांचे म्हणून ओळखू आले, ते अकादमीच्या संग्रहालयाकडे पाठवण्यात आले. मात्र इतक्या भाजलेल्या फिल्मवरून छपाई करण्याचे तंत्र त्या वेळी नव्हते, म्हणून ते सुमारे वीस वर्षे तसेच पडून राहिले. तरीही ते कोणी फेकून दिले नाहीत, आणि पुढचे सगळे त्यामुळेच घडू शकले.

२०१३ मध्ये क्रायटेरियन आणि अकादमीच्या संग्रहालयाने हे डबे पुन्हा उघडले. कित्येक रिळांची सुरुवात आणि शेवट जळून गेले होते, काही भागांची नुसती राख उरली होती, आणि जे टिकले होते ते हात लावताच मोडेल इतके ठिसूळ झाले होते. ते सारे इटलीतील बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेकडे सोपवण्यात आले. तिथल्या कारागिरांनी ग्लिसरॉल, ॲसिटोन आणि पाणी यांच्या मिश्रणाने वाळलेल्या फिल्ममध्ये पुन्हा ओलावा आणला, वितळून चिकटलेल्या चिकटपट्ट्या आणि डिंक सोडवला, आणि कडेची तुटलेली भोके हाताने नव्याने बांधून काढली. कडेची ही भोके चित्राच्या दर्जाचा पाया असतात, कारण फिल्मची प्रत्येक चौकट स्कॅनरमध्ये त्यांच्याच आधारे जागेवर बसते. ती फाटलेली असतील तर चित्र थरथरते, आणि ही थरथर नंतर संगणकावर काढायला गेले की चित्राच्या कडा थोड्याथोड्या कापल्या जातात. स्कॅनिंग करताना फिल्म द्रवात भिजलेली ठेवली होती. फिल्मच्या पाठीवर ओरखडा असला की प्रकाश तिथे वाकतो आणि पडद्यावर रेघ उमटते. फिल्मच्या पाठीइतकाच प्रकाश वाकवणारा द्रव त्या ओरखड्यात भरला की रेघ पुसली जाते, आणि त्यासाठी चित्रातला एक कणही बदलावा लागत नाही. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण दोष इथे फिल्मवरच झाकला जातो आणि संगणकाला त्या जागी नवे चित्र कल्पून भरावे लागत नाही.

एवढी मेहनत घेऊनही ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून थोडा अधिक भागच मूळ निगेटिव्हवरून घेता आला. ‘अपुर संसार’ची दोनच रिळे वाचली होती आणि तीही वापरण्याच्या स्थितीत नव्हती. उरलेल्या जागा भरण्यासाठी अकादमी, जेनस फिल्म्स, हार्वर्ड फिल्म आर्काइव्ह आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट यांच्याकडचे फाइन ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्ह वापरले गेले. मूळ निगेटिव्हवरून फाइन ग्रेन मास्टर, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि मग प्रिंट, अशी ही पिढ्यांची उतरंड असते. प्रत्येक पायरीवर बारीक तपशील थोडा हरवतो, नव्या फिल्मचे कण जुन्या कणांवर चढतात आणि बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्यातला फरक अधिक कडक होतो. आपण वर्षानुवर्षे हे चित्रपट दूरदर्शनवर, व्हिडिओ कॅसेटवर आणि व्हीसीडीवर पाहिले, ते या उतरंडीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवरून. त्यातही व्हीसीडीचे चित्र आपल्याकडे ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असे, म्हणजे ब्लू-रेवर या चित्रपटांना मिळणाऱ्या सुमारे १४८० गुणिले १०८० बिंदूंच्या मानाने जेमतेम सोळावा हिस्सा. राय यांचा पहिला चित्रपट म्हणजे धुरकट, कुंद आणि दारिद्र्याच्या करड्या रंगात बुडालेला, असा समज अनेकांच्या मनात घर करून आहे. तो बऱ्याच अंशी त्या प्रतींनी करून दिलेला असावा, असे मला वाटते.

ब्लू-रेवर ‘पथेर पांचाली’ पाहताना पहिल्यांदा जाणवते ती छटांची श्रीमंती. इंदिर ठाकरुणच्या भूमिकेतील चुनीबाला देवींच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती वेगळी दिसते, पण ती कोरल्यासारखी कडक दिसत नाही. सुरकुतीच्या उजेडातल्या बाजूकडून सावलीतल्या बाजूकडे जाताना मधल्या साऱ्या राखाडी छटा जागेवर असतात. मिठाईवाल्यामागे निघालेली मुले आणि कुत्रा यांचे तळ्यातले उलटे प्रतिबिंब जुन्या प्रतींत एका काळपट पट्ट्यासारखे दिसे. इथे पाण्याची हालचाल दिसते आणि त्या हालचालीतही माणसे ओळखू येतात. काशफुलांच्या माळावरचा प्रसंग तर या प्रतीची खरी कसोटी आहे. पांढरे तुरे, पांढुरके आकाश आणि आगगाडीचा काळा धूर, असे दोन्ही टोकांचे रंग एकाच दृश्यात आहेत, आणि ड्यूपवरून काढलेल्या निकृष्ट प्रतीत तुरे आणि आकाश एकमेकांत विरघळून जातात. चित्रीकरणाची सुरुवात राय यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये याच माळावरून केली होती. आठवड्याभराने ते परतले तोवर गुरांनी फुले खाऊन टाकली होती, आणि उरलेल्या भागासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावे लागले. ज्या शुभ्रतेसाठी त्यांनी वर्षभर वाट पाहिली, ती पडद्यावर नुसत्या कोऱ्या जागेसारखी दिसणे हा त्या कामाचा अपमान होता, आणि या आवृत्तीत तो दूर झाला आहे.

मात्र हाच चित्रपट जोडकामामुळे सर्वांत असमानही आहे. एका दृश्यात पानापानावरचा उजेड दिसतो, आणि पुढच्याच दृश्यात चित्र किंचित मऊ पडते, कण जाड होतात आणि सावल्या भरून येतात. सराईत डोळ्याला जोड कुठे आहे ते कळते. चित्रपट मुळातही एकसंध परिस्थितीत तयार झालेला नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवे. पैसे संपले की काम थांबायचे, आणि पश्चिम बंगाल सरकारची मदत मिळून तो पुरा होईपर्यंत जवळजवळ तीन वर्षे गेली. छायालेखक सुब्रत मित्र यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी हे काम हाती घेतले तेव्हा त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा कधी चालवलाही नव्हता. त्यामुळे जी असमानता दिसते ती सगळी आगीच्या किंवा प्रयोगशाळेच्या माथी मारता येणार नाही.

चित्राच्या दृष्टीने मला सर्वांत जास्त आनंद ‘अपराजितो’ने दिला. बनारसमधले अपूचे वडील हरिहर यांचे घर हे प्रत्यक्षात कलकत्त्यातील स्टुडिओत कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेले नेपथ्य होते. चौकाच्या घरात उजेड वरच्या उघड्या आकाशातून येतो, भिंतींवर आपटत खाली झिरपतो आणि त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओतले दिवे थेट रोखले तर हा उजेड मिळणे शक्यच नव्हते. मित्र यांनी नेपथ्याच्या वर पांढरे कापड ताणून बसवले, खालून दिवे त्या कापडावर सोडले आणि तिथून परतलेला मऊ प्रकाश चौकात उतरू दिला. परावर्तित प्रकाशयोजनेच्या इतिहासात या कामाचे नाव आदराने घेतले जाते, पण ज्यांनी तो चित्रपट फक्त वाईट प्रतींत पाहिला त्यांना त्यातले नेमके काय विलक्षण आहे हे दिसणेच शक्य नव्हते, कारण या प्रकाशाचे सारे सौंदर्य मधल्या छटांत आहे आणि प्रतीच्या पिढ्या वाढल्या की पहिला बळी त्यांचाच जातो. ब्लू-रेवर अपूची आई सर्वजया स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असते तेव्हा तिच्या चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा जेमतेम एका छटेने गडद आहे, आणि तो फरक दिसतो. पुढे घाटावरचा खराखुरा सकाळचा उजेड येतो तेव्हा स्टुडिओतला प्रकाश आणि बाहेरचा प्रकाश यांत खटकण्यासारखे काही सापडत नाही. सुब्रत मित्र यांनी काय साधले होते, हे साठ वर्षांनी घरातल्या पडद्यावर तपासून पाहता येते, हीच माझ्या दृष्टीने या आवृत्तीची सर्वांत मोठी देणगी आहे.

‘अपुर संसार’ सबंध फाइन ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्हवरून आलेला असल्यामुळे तो अधिक एकसारखा, पण एकंदरीत एक पायरी मऊ दिसतो. अपू आणि अपर्णाच्या खोलीतल्या दृश्यांत सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर यांचे चेहरे सुरेख उतरले आहेत. दूरची दृश्ये मात्र पहिल्या दोन चित्रपटांच्या उत्तम भागांइतकी खोल जात नाहीत.

डिजिटल सफाई हा पुढचा टप्पा होता. धूळ, तडे आणि आगीच्या उष्णतेने फिल्मला आलेला वाक काढण्याचे काम सहा महिने चालले. त्यामागचे धोरण असे होते की जिथे दोष काढताना फिल्मचे कण आणि पोत बिघडण्याची शक्यता असेल तिथे दोष राहू द्यावा. या धोरणाला माझा मनापासून पाठिंबा आहे. फिल्मवरचे चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांनीच बनलेले असते. कण हे चित्रावर पडलेले काही बाहेरचे आवरण नव्हे, त्यामुळे संगणकाकडून ते गुळगुळीत करून घेतले की त्यांच्याबरोबर त्वचेची रंध्रे, कापडाची वीण आणि दूरच्या झाडांची पाने हेही जाते, आणि माणसे मेणाची दिसू लागतात. आपल्याकडे ‘रिमास्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्रतींत असे मेणाचे चेहरे मी पाहिले आहेत. ते पाहून ‘काय स्वच्छ प्रिंट आहे’ असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाला दोष देता येत नाही, कारण त्याला तुलनेसाठी चांगली प्रत कोणी दाखवलेलीच नसते. त्याच्याही पुढचे पाऊल म्हणजे रंग भरणे. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये आणि ‘नया दौर’ २००७ मध्ये रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाले आणि लोकांनी ते आवडीने पाहिलेही. परंतु ज्या छायालेखकाने प्रत्येक दृश्य काळ्या, पांढऱ्या आणि राखाडी छटांत विचार करून रचले, त्याच्या कामावर दुसऱ्याने दिलेला हा रंग आहे, आणि त्याला रिस्टोरेशन म्हणणे मला कधीच पटलेले नाही.

आवाजाबद्दल सहसा कमी लिहिले जाते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तिन्ही चित्रपटांचा ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आहे आणि ब्लू-रेवर तो मोनोच, कसलेही आकुंचन न करता दिलेला आहे. चित्रपटाच्या कडेला प्रकाशरेषेच्या रूपात छापलेल्या त्या काळच्या ध्वनिपट्टीत वरच्या पट्टीतले सूक्ष्म नाद फारसे शिल्लक राहत नाहीत, त्यामुळे आजच्या ध्वनिमुद्रणासारखी चमक तिथून मिळणार नाही. ती ओढून आणायला गेले की खरखर वाढते, आणि खरखर मारायला गेले की वाद्यांचा श्वास कोंडतो. इथे तारेच्या झंकाराचा शेवट ऐकू यावा इतपत हलकी खरखर राहू दिली आहे, आणि तो निर्णय योग्य आहे.

रविशंकर यांनी ‘पथेर पांचाली’चे संगीत एकाच रात्रीच्या सुमारे अकरा तासांच्या बैठकीत केले. वेळ अपुरा पडल्याने काही सतार खुद्द सुब्रत मित्र यांनी वाजवली आहे. अपूची बहीण दुर्गा हिच्यासाठी साडी घेऊन हरिहर घरी परततो आणि सर्वजयाचा बांध फुटतो, तिथे तिचा आक्रोश ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई या वाद्यावर पटदीप राग उसळतो. जुन्या कॅसेटवर हा तुकडा फाटलेल्या भोंग्यासारखा यायचा, कारण वरच्या सप्तकातला जोराचा स्वर खराब ध्वनिपट्टीवर सर्वांत आधी चिरकतो. ब्लू-रेवर तो कर्कशतेच्या अगदी कडेपर्यंत जातो, पण सूर म्हणूनच कानावर येतो, आणि तो स्वर म्हणजे त्या आईचा आवाज आहे हे पहिल्यांदा पुरते उमगते. याच्या उलट टोकाला रात्री अंथरुणावरून ऐकू येणारी दूरची आगगाडी आहे, आणि तारेच्या खांबाला कान लावल्यावरची गुणगुण आहे. हे आवाज इतके हळू आहेत की खरखरीच्या जाड थराखाली ते नाहीसे होत असत.

गतीचा मुद्दा संगीताच्या जाणकारांना विशेष महत्त्वाचा वाटेल. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींनी चालवला जात असे. त्यामुळे १२५ मिनिटांचा ‘पथेर पांचाली’ १२० मिनिटांत संपतो, आणि वेगाबरोबर स्वरही चढतो. ही वाढ अर्ध्या स्वरापेक्षा थोडी कमी असते, म्हणजे पांढरी एकचा षड्ज काळी एकच्या दिशेने निम्म्याहून अधिक वाट चालून जातो. संवादांत हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण सतारीचा खर्ज हलका होतो, बासरी पातळ होते आणि मींडेचा ठहराव आखडतो. ब्लू-रेवर चित्रपट २४ चौकटींनीच चालतो, त्यामुळे राग त्याच्या मूळ पट्टीत आणि मूळ लयीत ऐकू येतो. ज्या चित्रपटांत संगीताचा वाटा इतका मोठा आहे, तिथे हा फरक मी चित्राच्या रेखीवपणाइतकाच महत्त्वाचा मानतो.

हे लिहिताना पुण्याची आठवण टाळता येत नाही. जिथे एके काळी प्रभातचा स्टुडिओ होता त्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह फार मोठा ठेवा नष्ट झाला. ‘पथेर पांचाली’ वाचला तो चार वेगवेगळ्या संस्थांनी त्याच्या चांगल्या प्रती सांभाळल्या होत्या म्हणून. आपल्या जुन्या मराठी चित्रपटांपैकी कितींच्या अशा प्रती जगात चार ठिकाणी असतील, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. आशा वाटावी असेही काही घडते आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने रिस्टोअर केलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. छायालेखक गोविंद निहलानी यांचा त्या कामात सहभाग होता, आणि ज्याने चित्र टिपले तोच माणूस रंग आणि छटा तपासायला शेजारी असणे हे भाग्य फार थोड्या चित्रपटांना मिळते.

ज्यांना अपूचे हे तीन चित्रपट घरी पाहायचे आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. क्रायटेरियनच्या डिस्क ‘ए’ विभागासाठी बांधलेल्या असतात आणि भारत ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे इथे विकत घेतलेल्या साध्या प्लेयरवर त्या चालत नाहीत. सर्व विभागांच्या डिस्क वाजवणारा प्लेयर लागतो. नंतर निघालेल्या ४के डिस्कना मात्र विभागाची अडचण नाही. टीव्हीवर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, त्या तशाच राहू द्याव्यात, कारण या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस आहे आणि पडदा भरण्यासाठी ती ताणली की दुर्गा आणि अपू दोघेही आडवे पसरतात. हालचाल गुळगुळीत करणारी, कडा कोरून दाखवणारी आणि कण पुसणारी टीव्हीतली सगळी सोय बंद करावी. ती चालू असेल तर बोलोन्यात जपलेला पोत आपल्याच दिवाणखान्यात पुसला जातो. आवाज दोन स्पीकरवर किंवा चांगल्या हेडफोनवर मोनोच ऐकावा, आणि खोलीभर पसरवणारे कृत्रिम परिणाम वापरू नयेत. फक्त एकच डिस्क लावायला वेळ असेल, तर चित्राच्या दर्जासाठी मी ‘अपराजितो’ सुचवेन आणि आवाजासाठी ‘पथेर पांचाली’.